पिवळा दिवा : कुंभार्ली घाटातल्या गाडीच्या एबीएसच्या नोंदी

१६ जून २०२४, रविवार

अण्णा काल पाटणहून, आत्याकडून परत आले. चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "गाडी ब्रेकला ऐकत नाही रे शेवटी."

नीट विचारून घेतलं. तक्रारी दोन आहेत. पहिली : घाट उतरून पोफळीला आले तेव्हा पाऊस जोरात होता, तिथं एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला आणि घरी येईपर्यंत गेला नाही. आज सकाळी गाडी सुरू केली तर दिवा नाही. दुसरी : रांगेत गाडी थांबवताना, अगदी शेवटच्या क्षणी, पायाखाली पेडल थरथरतं, पुढून घर्र आवाज येतो आणि गाडी हातभर पुढं सरकून मग थांबते. रस्ता कोरडा असला तरी.

अण्णांनी एसटीत ३१ वर्षं गाडी चालवली, त्यातली बरीचशी चिपळूण-कऱ्हाड मार्गावर. ब्रेकबद्दल ते उगाच बोलत नाहीत. ही गाडी २००८ची, डिझेल हॅचबॅक. तेव्हा एबीएस फक्त सर्वांत वरच्या मॉडेलमध्ये मिळायचं आणि त्याला मागणी कमी म्हणून दोन महिने थांबावं लागलं होतं. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली गाडी. बाकी कशासाठी नाही, एबीएससाठी म्हणून ते थांबले. आता १,६८,००० किलोमीटर झालेत.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे असं आत्ताच धरून चालणार नाही. दोन वेगळी पानं करतोय : 'दिवा' आणि 'थरथर'. दोन्ही मिटेपर्यंत गाडी घाटात जाणार नाही. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मग एसटी आहेच की."

१८ जून, मंगळवार

आधी माझ्याकडचं ब्लूटूथवालं छोटं यंत्र लावलं. ते फक्त इंजिनाशी बोलतं, एबीएसच्या युनिटपर्यंत, म्हणजे सगळं ठरवणाऱ्या त्याच्या मॉड्यूलपर्यंत, पोचतच नाही. मग शहरातल्या एका गॅरेजमध्ये गेलो. त्यांच्या स्कॅनरवर कोड आला : सी००५०, उजव्या मागच्या चाकाच्या वेग-सेन्सरचं सर्किट.

कोड वाचून झाला आणि मीटर हातात न घेताच निदान झालं. "मॉड्यूल गेलंय, ४६ हजार. नाहीतर दिव्याची तार काढून देतो, तीनशे रुपयांत काम होईल." दोन्ही नको म्हणून गाडी घेऊन आलो. ४६ हजारांचं जाऊ दे, पण तार काढून टाकायचं बोलणं मनातून जात नाही. गाडीला काहीतरी सांगायचंय आणि आपण तिचं तोंड बंद करायचं. उद्या ती गाडी कुणी विकत घेतली तर त्याला काय कळणार? (जुनी गाडी बघायला जाणाऱ्यांसाठी : चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही तर कुणीतरी हात मारलेला आहे.)

घरच्यांसाठी फ्रिजवर चिठ्ठी लावली, तीच इथं उतरवतो. पिवळा दिवा एकटा लागला तर नेहमीचे ब्रेक शाबूत असतात. फक्त जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ नये ही सोय बंद असते. जपून चालवत घरी या. पिवळ्यासोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला तर जागीच थांबा. ब्रेकचं ऑइल कमी झालेलं असू शकतं. ते पुरेसं असेल तर मागच्या चाकांचा दाब सांभाळणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. अशा वेळी जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी आडवी फिरते.

२२ जून, शनिवार

दुकान दुपारी बंद केलं. माझं मोटर रिवाइंडिंगचं काम, त्यामुळं गुंडाळी आणि गळती या दोन गोष्टी रोजच्या. आणि हे सेन्सर म्हणजे तरी काय? आत एक चुंबक, त्याभोवती बारीक तारेची गुंडाळी. समोरून दात असलेली लोखंडी कडी फिरते. दात जवळ आला, लांब गेला, की गुंडाळीत वीज उमटते. चाक जितकं जोरात तितके झोके जास्त. युनिट हे झोके मोजून चारही चाकांचा वेग ठरवतं. नव्या गाड्यांत वेगळ्या जातीचे सेन्सर येतात, त्यांना बाहेरून वीज द्यावी लागते. त्यांच्यावर रोध मोजायला जाऊ नये. आमचे जुन्या पद्धतीचे आहेत.

आधी सोपं ते. बॅटरी १२.५ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.१. एबीएसचे दोन्ही फ्यूज ठीक.

मग युनिटचा मोठा कनेक्टर काढून तिथूनच चारही सेन्सर मोजले. पुढचा डावा १.१२ किलोओहम, पुढचा उजवा १.०९, मागचा डावा १.१४, मागचा उजवा १.१०. ज्याच्या नावानं कोड आलाय तो मागचा उजवा इतरांसारखाच. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेऊन एकेक चाक हातानं सेकंदाला साधारण एक फेरा असं फिरवलं, मीटर एसीवर. चौघांचेही व्होल्ट दशांशात आले, फार फरक नाही.

म्हणजे सेन्सर जिवंत आहे. कोड 'सर्किट' म्हणतो आणि गॅरेजवाले त्याचा अर्थ 'भाग' असा घेतात. सेन्सरपासून युनिटपर्यंत तीन-साडेतीन मीटर तार आहे, तिचं कुणी नावच काढलं नाही.

मोटरची गळती बघायला मी ५०० व्होल्टचा मेगर वापरतो. सवयीनं हात त्याच्याकडं गेला होता, तो मागं घेतला. मेगर चुकूनही गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सवर लावायचा नाही, एका दाबात युनिट खरंच जाईल. साधा मल्टिमीटर, सर्वांत वरच्या रेंजवर : तार ते बॉडी, चारही अनंत. कोरड्यात गळती नाही.

पण अण्णांना दिवा दिसला तो पावसात.

२३ जून, रविवार

बागेला फवारणी करायचा पंप घेतला, पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं. मीटर मागच्या उजव्या सर्किटला जोडून पुढच्या सीटवर ठेवला. भाचा आत बसून आकडे वाचणार, मी बाहेरून थोडं थोडं भिजवत जाणार. सेन्सरचं तोंड भिजवलं : अनंत. सेन्सरचा कनेक्टर : अनंत. मागच्या एक्सलच्या बीमवरून तार बॉडीकडं उडी मारते तिथं पाणी मारलं आणि आतून ओरडा आला, "मामा, पडलं! तीनशे... दीडशे... अडतीस!"

अडतीस किलोओहम. कपड्यानं पुसून हेअर ड्रायर मारला, दहा मिनिटांत पुन्हा अनंत. परत भिजवलं, परत खाली. तीनदा केलं, तीनदा तेच. चौथ्यांदा भाच्याला बाहेर पाठवून मी आत बसलो, कारण मला तो आकडा उतरताना स्वतः बघायचा होता.

२५ जून, मंगळवार

ती जागा उघडली. वरून तार धडधाकट दिसत होती. बोटांत धरून वाकवल्यावर आवरणाला केसासारखी चीर दिसली, आतून हिरवट. ब्लेडनं सोललं तर तांब्यावर कळंक चढलेला, पितळी भांडं वर्षभर माळ्यावर राहिल्यावर चढतो तसा, आणि निम्मे धागे नखानं मोडावेत इतके ठिसूळ.

आणखी एक. मागच्या सीटखालचा कनेक्टर सोडवला तेव्हा त्यातून चिमूटभर गाळ तळहातावर पडला. मऊ, पावडरसारखा. बघताक्षणी ओळखला. जुलै २०२१च्या चिपळूणच्या पुरात ही गाडी दारात उभी होती, पाणी सीटच्या खालच्या कडेपर्यंत आलं होतं. नंतर सीटा, गालिचे काढून धुतलं, बेअरिंगं बदलली, सगळं साफ झालं असं समजत होतो.

खराब तुकडा कापला, चांगलं तांबं लागेपर्यंत मागं गेलो, सोल्डर करून गोंदवाली नळी आकसून बसवली. कनेक्टर स्पिरिटनं धुतला. भिजवून बघितलं : अनंत. कोड पुसला.

६ जुलै, शनिवार

अकरा दिवस दिवा नव्हता. आज बहादूरशेख नाक्याजवळ खड्ड्यात चाक गेलं आणि लागला. पाऊस नसताना. घरी येऊन मोजलं : मागच्या उजव्याचा रोध अनंत. म्हणजे तार तुटली. माझ्याच सांध्याशी.

७ जुलै, रविवार

सकाळी उघडलं. सांधा भक्कम आहे, त्याला लागूनच, सोल्डर जिथं संपतं तिथं सगळे धागे सुरीनं कापल्यासारखे तुटलेत. सोल्डर वितळून तारेच्या धाग्यांत वर चढतं आणि तेवढा भाग कांडीसारखा कडक होतो. मोटरमध्ये त्यानं काही बिघडत नाही, तिथं तार बांधून वार्निशमध्ये पक्की बसवलेली असते. इथं चाक वर-खाली होईल तशी तार हजारदा वाकते, ती कडक भागाच्या काठावर मोडणारच. चूक माझी आहे आणि ती इथं मुद्दाम ठळक लिहितोय, कारण सोल्डर म्हणजे पक्कं काम असं आमच्या धंद्यात सगळेच धरून चालतात.

आता हलत्या भागात सांधाच ठेवायचा नाही. बीमवरच्या कनेक्टरपासून सीटखालच्या कनेक्टरपर्यंतची सगळी तार नवी टाकली : गाडीच्या वायरिंगची, बारीक धाग्यांची, दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन. पीळ महत्त्वाचा आहे, त्यानं बाकीच्या वायरिंगचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडतो आणि युनिटला तो वजा करता येतो. दोन्ही टोकांना नव्या पिना, क्रिम्पिंगच्या पक्कडीनं दाबून. मध्ये तार बॉडीला टेकते तिथं जुना रबरी गोळा परत बसवला आणि वाकायला पुरेशी ढील ठेवली. चाक पूर्ण खाली लोंबत असताना तार ताणली जात नाही आणि गाडी टेकल्यावर टायरला घासत नाही, दोन्ही बघून घेतलं.

'दिवा' हे पान इथं मिटलं असं म्हणायचं धाडस महिन्यानं करीन.

'थरथर' मात्र आहे तशीच आहे. आज गल्लीतून येताना गेटपाशी दोनदा झाली.

१३ जुलै, शनिवार

थरथरीचा कोड येत नाही, त्यामुळं कोडांच्या मागं धावून उपयोग नाही. ओळखीच्या वायरमनकडचा स्कॅनर संध्याकाळपुरता मागून आणला. त्यावर चारही चाकांचे वेग चालू गाडीत दिसतात. भाचा शेजारी बसून मोबाइलवर पडद्याचं चित्रीकरण करत होता, मी ताशी वीसवरून सावकाश थांबत होतो. आठ वेळा केलं.

घरी येऊन चित्रीकरण हळू करून बघितलं. ताशी १०–११पर्यंत चारही आकडे एकमेकांना धरून उतरतात. त्याखाली पुढचा उजवा मध्येच गचका खातो : ९, ९, ६, ८. बाकीचे तीन सरळ. गचक्यापाठोपाठ एबीएसच्या पंपाचा घर्र आवाज.

पुढचा उजवा. ज्याबद्दल एकही कोड नाही, ज्याचा रोध चोख आहे, तोच.

युनिटच्या बाजूनं विचार केला तर त्याचं वागणं बरोबर आहे. ब्रेक दाबलेला आहे, तीन चाकं सावकाश थांबताहेत आणि एक चाक अचानक मंदावलं, म्हणजे ते अडकायला लागलं. युनिट लगेच त्या चाकाचा दाब सोडतं, पंप तेच ऑइल परत मागं ढकलतो, पाय थरथरतो. त्या क्षणी चाकाला ब्रेक कमी मिळतो आणि गाडी हातभर पुढं जाते. सपाट रस्त्यावर हातभर म्हणजे काही नाही. घाटाच्या वळणावर, पुढं ट्रकचं मागचं फळकूट असताना, हातभर म्हणजे बॉनेट.

१४ जुलै, रविवार

आज या सगळ्या कामातला सर्वांत आनंदाचा दिवस.

ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचे झोके पडद्यावर दाखवणारं यंत्र, माझ्याकडं नाही. भाच्याच्या जुन्या लॅपटॉपला माइकचं भोक आहे. सेन्सरचे व्होल्ट थेट दिले तर लॅपटॉप दुखावेल, म्हणून दहा किलोओहम आणि एक किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून सिग्नल अकरावा हिस्सा केला आणि आवाज रेकॉर्ड करतो तसं रेकॉर्ड केलं. मोजणी आणि रेकॉर्डिंग ही दोन्ही कामं सेन्सर गाडीच्या वायरिंगपासून सोडवून केली. चाक मी फिरवत होतो.

आधी पुढचा डावा. पडद्यावर कंगव्यासारखे दात, एकसारखे, एका फेऱ्यात ४४. मग उजवा. तोच कंगवा, पण दर फेऱ्याला एका ठिकाणी दोन दातांत जागा जास्त. शिवाय एका बाजूला दात उंच, समोरच्या बाजूला ठेंगणे, म्हणजे कडी गोल फिरत नाही, एका अंगानं उचललेली आहे. भाचा काही न बोलता पडदा पुढं-मागं सरकवत राहिला. ४४ दात, मोकळी जागा, ४४ दात, मोकळी जागा.

टॉर्च घेऊन चाकामागं डोकं घातलं. ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतच्या फिरत्या दांड्याच्या) बाहेरच्या जॉइंटवर कडी बसवलेली असते. चिखलाचा थर तारेच्या ब्रशनं काढला आणि चाक इंचाइंचानं फिरवलं. सापडली. दोन दातांच्या मधल्या खोबणीत आरपार चीर. इतर ठिकाणी खोबण ३.२ मि.मी., इथं ४.६. खाली गंजाचा पापुद्रा फुगलेला. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. जॉइंट आणि कडी यांच्यामध्ये तो वर्षानुवर्षं फुगत गेला आणि शेवटी कडी फाटली.

हिशेब करून बघितला. एका दातापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर ६.४ मि.मी., चिरेपाशी ७.८. म्हणजे तेवढ्या एका दातापुरतं चाक सुमारे १८ टक्के मंदावल्यासारखं दिसतं. वेग जास्त असताना शेजारच्या ४३ दातांच्या गर्दीत ते झाकलं जात असणार. चाक थांबायला आलं की एकेका दाताची साक्ष मोठी होते.

अण्णांना चीर दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितली, नखानं चाचपली. "म्हणजे पाय खोटं सांगत नव्हता," एवढंच बोलले.

२० जुलै, शनिवार

भंगारबाजारात दोन ड्राइव्ह शाफ्ट मिळाले. एकाला कडीच नाही, कारण तो बिनएबीएसच्या मॉडेलचा. दुसऱ्याला कडी आहे, जॉइंटही घट्ट, किंमत परवडणारी. खडूनं पहिल्या दातावर खूण करून मोजलं : ४८. पुन्हा मोजलं, ४८. दुकानदार म्हणाला, "चारानं काय होतंय?" चारानं युनिटला ते चाक कायम नऊ टक्के जोरात फिरतंय असं वाटेल. परत ठेवला.

नुसती कडी पुण्याहून मागवली आहे. आतला व्यास, उंची आणि दात, तिन्ही मोजून कळवलं.

२२ जुलै, सोमवार

कडी अजून आलेली नाही. आज पुराला तीन वर्षं झाली. दिवसभर पाऊस, बाजारात दोघं भेटले की बोलणं वाशिष्ठीच्या पाण्यावरच येतं. संध्याकाळी दुकानातल्या भिंतीवरची पाण्याची रेघ बघितली, रंग दिला तरी खालून उमटते. त्या पाण्यातनं वाचलेल्या गाड्या गावात पुष्कळ आहेत. ज्यांच्याकडं आहेत त्यांना माझं सांगणं : सीटखालचे कनेक्टर एकदा सोडवून बघा. गाळ हवेतली ओल धरून ठेवतो आणि तांबं आतून खातो, बाहेरून काहीच दिसत नाही.

वाट बघण्यात वेळ होता म्हणून एबीएसचा जुना इतिहास भाच्याला सांगत बसलो. मोटारींतलं आजच्या धाटणीचं इलेक्ट्रॉनिक एबीएस बॉशनं १९७८मध्ये आणलं आणि ते आधी मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये लागलं. आपल्याकडं सगळ्या नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९पासून. मधली ४१ वर्षं ते पैसेवाल्यांचं लेणं होतं. अण्णा शेजारी ऐकत होते. म्हणाले, "मी अकरा वर्षं आधीच घेतलं होतं." त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो रास्त आहे.

२७ जुलै, शनिवार

कडी आली. दात ४४. जुन्या कडीच्या शेजारी ठेवून उंचीही जुळवली.

एक्सल नट चार फुटी पाईप लावूनही हलेना. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरी. शेवटी चाक जमिनीवर टेकवून, अण्णांनी ब्रेक दाबून धरला तेव्हा 'कट्' करून सुटला. खालचा बॉल जॉइंट सोडवला, शाफ्ट हबमधून ओढून काढला. गिअरबॉक्सकडचं टोक काढलंच नाही, त्यामुळं तिथलं ऑइलही सांडलं नाही. शाफ्ट दोरीनं टांगून ठेवला. लोंबकळत सोडला तर आतला जॉइंट आणि बूट (त्यावरचं रबरी आवरण) ताणतो.

फाटलेली कडी दोन बोटांनी निघाली. खालचा गंज आधी कानशीनं, मग पॉलिश पेपरनं घासत बसलो, दीड तास. इथं घाई केली तर नवी कडीही वाकडी बसणार. खाली चकचकीत लोखंड आल्यावर पातळ प्रायमरचा हात दिला.

२८ जुलै, रविवार

कडी हातोडीनं ठोकून बसवायची नाही, दात दुमडतात. ८५ मि.मी.ची कडी दीडशे अंशांनी जास्त तापली की ०.१५ मि.मी. फुगते, तेवढं पुरतं. घरातला जुना बिडाचा तवा अंगणातल्या शेगडीवर ठेवला, त्यावर कडी. पाण्याचा थेंब टाकून बघत होतो. थेंब पडताच चर्र करून उडाला तसं सांडशीत धरून उचलली आणि जॉइंटवर सोडली. टक् करून खाली बसली. एका श्वासात. वीस सेकंदांनी हलवून बघितली, जॉइंटचाच भाग झाली होती.

सेन्सर काढला तेव्हा त्याच्या चुंबकी तोंडावर लोखंडाचा भुसा मिशीसारखा उभा होता. कपड्यानं ओढून काढला. सेन्सर बसतो ते भोकही साफ केलं. तिथं गंज साचला तर सेन्सर वर उचलला जातो आणि अंतर वाढतं. बसवल्यावर फीलर गेजनं अंतर मोजलं : चारही बाजूंना फिरवून ०.८ मि.मी. एक्सल नट नवा घातला आणि टॉर्क पान्यानं, दिलेल्या मापाला आवळला. जुना नट परत वापरायचा नसतो.

लॅपटॉप जोडला. कंगवा सलग. फटीची जागा शोधत पडदा तीनदा पुढं-मागं केला, सापडली नाही.

४ ऑगस्ट, रविवार

रस्त्यावर परीक्षेआधी ब्रेक ऑइल. डबीतलं कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की ती हद्द १५५वर येऊ शकते. घाट उतरताना डिस्क तापतात, ऑइल उकळून वाफ झाली तर पेडल पोकळ जातं. आमचं ऑइल बदलून चार वर्षं झाली असतील, दोन वर्षांनी बदलायला हवं होतं.

अण्णा आत बसले. मी चाकापाशी, नळी आणि बाटली घेऊन. "दाबा." "दाबलं." "धरा." नट सैल केला, काळं ऑइल बुडबुडत आलं. नट आवळला. "सोडा." चारही चाकांना, स्वच्छ ऑइल येईपर्यंत. डबीतली पातळी एकदाही तळाला जाऊ दिली नाही. युनिटमध्ये हवा शिरली तर ती साध्या पद्धतीनं निघत नाही, स्कॅनरनं पंप आणि झडपा चालवाव्या लागतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखतात, पण पेडल दर वेळी त्याच लयीत खाली जात होतं आणि मी म्हणेपर्यंत एक केसभरही वर येत नव्हतं.

दुपारी खडपोली एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यावर गेलो. रविवार, रस्ता मोकळा, ओला. भाचा टोकाला उभा राहून मागं-पुढं बघत होता. आधी सावकाश थांबणं, वीस वेळा : थरथर शून्य. मग ताशी ४०ला ब्रेक पूर्ण दाबला. आता पेडल थरथरलं, थरथरायलाच हवं होतं, आणि दाबलेल्या ब्रेकवर स्टिअरिंग उजवीकडं वळवलं तर गाडी वळली. ओल्या रस्त्यावर. काळी घसरणीची रेघ नाही. तीनदा केलं. दोन्ही दिवे बंद.

भाच्यानं विचारलं, "मामा, आता थरथरतंय ते चांगलं ना?" हो. आणि अशा वेळी पाय उचलायचा नाही, हेही त्याला गाडीत बसवून तिथंच शिकवलं, कारण पहिल्यांदा घाबरून पाय आपोआप वर येतो. त्याचाही आला. दुसऱ्या वेळी नाही आला.

११ ऑगस्ट, रविवार

अण्णा सकाळी सातला पाटणला निघाले. मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाले. निघताना चावी फिरवून थांबले. पिवळा दिवा लागला, विझला. मग मला मान हलवून दाखवली.

सव्वानऊला फोन आला, कोयनानगरहून. घाटात धुकं होतं, सगळीकडं पाणी. वरच्या एका वळणाला समोर एसटी उभी, तिच्या मागं ट्रक, अण्णा त्याच्या मागं.

"मग?"

"थांबवली तिथं थांबली."

खर्च : तार, पिना आणि नळी ३२०, कडी ४५०, एक्सल नट आणि ब्रेक ऑइल ६८०, कुरिअर १२०. एकूण १,५७० रुपये.

राहिलेलं : पुढच्या डाव्या चाकाची कडी अजून अख्खी आहे, पण तिच्याखालीही गंजाची तपकिरी रेघ दिसायला लागली आहे. ४४ दातांची दुसरी कडी आजच सांगून ठेवली.